रंग नव्हे, आधी चोच पाहा



राधानगरीकडच्या एका वाचकांनी या खेपेस पाठविलेला प्रश्न पिकाचा नाही. त्यांच्या मुलाने रानाच्या कडेला मोबाईलवर इवल्या पाखरांचे फोटो काढले आहेत. ते विचारतात, "साहेब, सगळी हिरवट-करडीच दिसतात. ओळखायची कशी? आणि आमच्या आंब्यावर बांडगूळ पसरविणारे यातले कोणते? पोरगा गलोल घेऊन बसला आहे."

दाट रानात पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात करडे पाखरूही हिरवे दिसते. म्हणून रंगावर जाऊ नका, चोच पाहा. लांब, बारीक आणि बाकदार असेल तर तो शिंजीर. त्याच्या मादीला नरासारखी झळाळी नसते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही तिला वटवट्या म्हणून मोकळा झालो होतो! वटवट्याची चोच बारीक पण सरळ. डोळ्याभोवती पांढरे कडे आणि अंग पिवळट हिरवे, तो चष्मेवाला.

तुमच्या तिसऱ्या फोटोतला मात्र फुलटोचा आहे. चोच आखूड, फिकट गुलाबीसर, शेपूट तोकडी. जेमतेम ८ सेंटिमीटरचा जीव. बांडगुळाचे पिकलेले फळ तो गिळतो. गर पचतो, पण चिकट बी विष्ठेतून बाहेर येते ते सहजी सुटत नाही. मग तो बूड फांदीला घासतो आणि बी तिथेच चिकटून रुजते. डॉ. सलीम अलींनी कोकणातल्या या कारभारावर १९३१ सालीच लिहिले आहे. बांडगुळाच्या फुलांचे परागीभवन करणारा शिंजीरही त्यात भागीदार.

म्हणून गलोल मारायची का? मुळीच नको. एक मारलात तर रानातून दुसरा येईल. शिवाय तो कोळी आणि बारीक किडेही टिपतो. आपण बांडगूळ झाडावर पिकू देतो, म्हणून पाखरू येते. फळे पिकण्याआधीच, बांडगूळ चिकटले आहे त्याच्या थोडे अलीकडून, म्हणजे खोडाच्या बाजूने, फांदीसकट कापा. नुसता पाला ओरबाडलात तर फांदीत शिरलेल्या मुळांतून ते पुन्हा फुटते. बांधावरची आणि शेजाऱ्याची झाडेही पाहा, नाहीतर पुढच्या वर्षी हेच पत्र पुन्हा लिहाल.

आणि चिरंजीवांना सांगा, पुढचा फोटो बाजूने काढ, चोच आभाळापुढे येईल असा. पाखरू कोणत्या झाडावर होते तेही लिहून पाठव.