तेलात शेणखत शोधणाऱ्यांनो...

परवा मामांचा फोन आला. "गवत पिवळं पडलं रे यंदा. कापणीला निम्मंसुद्धा भरलं नाही."

मामांचा धुळ्याकडे एकरभर गवती चहा आहे. चहात टाकायला नाही, तेल काढायला. गेल्या वर्षी एक गृहस्थ गांडूळखताच्या गोण्या विकायला आले. (नाव लिहीत नाही, भांडण नको.) म्हणाले, युरिया बंद करा, त्याने तेलात केमिकल उतरतं. आमचं खत एकरी 500 किलो टाका. तेल दुप्पट, भावही दुप्पट!

मामांनी ऐकलं. तेल घेणाऱ्याने मात्र जुनाच भाव दिला. त्याने कागद मागितला. प्रमाणपत्र नसेल तर 'सेंद्रिय' हा शब्द फुकटचा असतो, हे गोण्या विकताना कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझा राग ऐका.

गवती चहाच्या तेलाला वास येतो तो मुख्यतः सिट्रलचा. सिट्रल म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. त्यात नत्र नाहीच! मग नत्र शेणातून आलं की गोणीतून, ते तेलात कुठे शोधणार? शिवाय तेल वाफेवर काढतात. वाफेबरोबर जे उडतं तेच पलीकडे जातं, खतातले क्षार भट्टीतच राहतात. कीटकनाशकाची गोष्ट वेगळी, त्यातली काही वाफेबरोबर येऊ शकतात. तिथे जरूर काळजी घ्या. पण खत आणि औषध यांची खिचडी करून शेतकऱ्याला घाबरवू नका.

दुसरं म्हणजे हिशोब. या पिकाला वर्षाला एकरी साधारण 40 ते 50 किलो नत्र लागतं, कारण दर कापणीला सगळा पालाच शेताबाहेर जातो. 500 किलो गांडूळखतात दीड टक्का नत्र धरलं तरी झाले साडेसात किलो. तेही सगळं पहिल्याच वर्षी पिकाला मिळत नाही. याला सेंद्रिय शेती म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात.

आणि तेलाचा दर्जा? तो ठरतो मुख्यतः वाण, हंगाम आणि कापणीची वेळ यांवर. याच आमच्या खानदेशातून एके काळी रोशा गवताचं तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात बेमालूम मिसळलं जायचं. ते गवत रानातलं होतं. त्याला कुणी गोणी फोडून घातली नव्हती.

म्हणजे मी शेणखताच्या विरुद्ध आहे का? मुळीच नाही! गवती चहा एकदा लावला की चार-पाच वर्षं शेतात उभा राहतो. हलक्या जमिनीत तितकी वर्षं ओल धरायला, माती भुसभुशीत ठेवायला शेणखत, कंपोस्टच हवं. पण ते मातीसाठी घाला, तेलात जादू व्हावी म्हणून नको. आणि घालायचं तर टनांनी घाला, कमी पडेल तिथे थोडा युरिया वापरायची लाज बाळगू नका.

सगळ्यात चीड येते ती पुढच्या गोष्टीची. 100 किलो ओल्या गवतातून तेल निघतं जेमतेम अर्धा किलो. बाकी सगळा चोथा. तो आपण वाळवून भट्टीखाली जाळतो, आणि पैसे मोजून दुसऱ्याचं खत आणतो! सगळा नाही, पण निम्मा चोथा तरी कुजवून परत शेतात टाकता येईल की नाही?

मामा, मामी हे तुम्हाला वाचून दाखवतीलच. रागावू नका. पुढच्या कापणीला मी येतोय, चोथ्याचा खड्डा आपण दोघं मिळून खणू.

असो. बाकीच्यांनी काय घातलं आणि काय मिळालं, तेही कळवा.