नाव आधी की विषय आधी?

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणावर मी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण दिवाळीपासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. दादा बी. ई. झाला, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत दोन वर्षे नोकरी केली आणि आता त्याला एम. टेक. करायचे आहे. ‘तू कॉमर्सवाली, हिशोब तू मांड,’ म्हणून बाबांनी वही माझ्या पुढ्यात टाकली. त्या वहीने मला जे शिकवले, तेच येथे मांडते.

पहिल्या पानावर नुसती नावे होती. मामांनी सुचवलेले अमेरिकेतले विद्यापीठ, शेजारच्या काकांच्या मुलाचे जर्मनी, दादाच्या मित्राचे ऑस्ट्रेलिया. एका सल्लागाराकडेही आम्ही जाऊन आलो. त्याने दादाला गुण विचारले, बाबांना घर स्वतःचे आहे का ते विचारले. शिकायचे काय आहे, ते मात्र विचारले नाही. सल्ला फुकट होता. मग कचेरीचे भाडे कशातून निघते, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या माणसाला पडतोच. या धंद्यात पुष्कळांना विद्यापीठांकडून दलाली मिळते. जे विद्यापीठ दलाली देत नाही, त्याचे नाव अशा यादीत कशाला येईल?

दुसऱ्या पानावर मी कर्ज मांडले. ३० लाख रुपये, व्याज शेकडा १०. शिक्षणाची २ वर्षे आणि पुढचे १ वर्ष हप्ता नाही, हे ऐकायला गोड वाटते. पण व्याज थांबत नाही. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असे धरले, तर सरळव्याजानेही ३ वर्षांत ९ लाख होतात. ३९ लाख १० वर्षांत फेडायचे म्हणजे महिना सुमारे साडेएकावन्न हजार. शिवाय दादाचा पगार २६ हजार. दोन वर्षांचे ६ लाख २४ हजार बुडाले, तेही खर्चातच धरायला हवेत. हा आकडा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. एवढ्या कर्जाला तारण लागते. आमचे तारण म्हणजे आजोबांनी बांधलेले घर. बाबांनी ट्रंकेतून घराचे कागद काढले तेव्हा आई काही बोलली नाही, पण त्या रात्री ती नीट जेवलीही नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण कन्नडमध्येही आहे: ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु.’ दोन्ही भाषा एकच सांगतात, तर ऐकावे, असे मला वाटले. सर्वांत स्वस्त पडत होता तो गावातच, घरी राहून करता येणारा एक अभ्यासक्रम. त्याखाली लाल रेघ मारून मी ‘हाच’ असे लिहिले. दादाने वही वाचली आणि म्हणाला, ‘हिशोब बरोबर आहे गं. पण तिथं औष्णिक शाखा शिकवतात. माझ्या प्रश्नाचं काय?’

त्याचा प्रश्न मी त्या दिवशी प्रथमच नीट ऐकला. वरून गुळगुळीत दिसणारे कास्टिंग मशीनवर चढवून कापले की कधी कधी आत पोकळी निघते. वितळलेला धातू थंड होताना आकसतो. जो भाग सर्वांत शेवटी थिजतो, त्याला भर घालायला धातू उरला नाही, की तेथे पोकळी राहते. म्हणून साच्यात रायझर ठेवतात. तो कोठे आणि किती मोठा ठेवायचा, हे पुष्कळदा अनुभवाने ठरते. अनुभव चुकला की माल पुन्हा भट्टीत. हे ओतण्याआधीच संगणकावर कसे पाहायचे, ते दादाला शिकायचे आहे.

प्रश्न कळला आणि यादीच बदलली. यंत्र अभियांत्रिकीचे एम. टेक. हा एकच अभ्यासक्रम नव्हे. आय. आय. टी. मुंबईत औष्णिक व प्रवाही, डिझाइन आणि उत्पादन अशा वेगळ्या शाखा आहेत. तेथे प्रा. बी. रवी यांनी ओतकामाच्या संगणकीय अभ्यासावर अनेक वर्षे काम केले. पुढे २०२३ मध्ये ते सुरतकलच्या एन. आय. टी.चे संचालक झाले. म्हणजे संस्थेचे नाव जागच्या जागी राहते, माणसे बदलतात. ज्यांच्यासाठी जायचे ते आज तेथे शिकवतात का, हे विचारूनच जावे. रांचीला तर १९६६ पासून फौंड्री आणि फोर्जिंगसाठीच काढलेली एक राष्ट्रीय संस्था आहे; तिचे नाव आता बदलले आहे. रांची म्हटल्यावर मामा म्हणाले, ‘रांचीला? लोकांना सांगायचं काय?’

परदेश वाईट, असे माझे म्हणणे नाही. जर्मनीत आखेनच्या विद्यापीठात ओतकामाची स्वतंत्र संस्था आहे. पण ‘जर्मनीत फी नाही’ हे सरसकट खरे नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशी फी सुरू केली. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे आधी खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ती रक्कम ११,९०४ युरो झाली. इकडे गेट परीक्षेतून प्रवेश मिळाला, तर पूर्णवेळ एम. टेक.ला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते आणि गेटचे गुण ३ वर्षे चालतात.

नावाचा उपयोग नाही, असेही मी म्हणत नाही. मोठ्या नावामुळे पहिली मुलाखत लवकर मिळते, हे मान्य करायला हवे. पण केवळ नावापायी घर गहाण टाकणे मला पटत नाही. आणि केवळ स्वस्त म्हणून नको तो विषय दोन वर्षे शिकणे, हेही तेवढेच नुकसानीचे. ही दुसरी चूक मी स्वतः लाल रेघ मारून केली होती. आधी विषय, मग तो शिकवणारी माणसे व प्रयोगशाळा, मग हिशोब आणि शेवटी नाव, असा क्रम असावा. किती झेपेल ते हिशोबाची वही सांगते. काय शिकायचे, ते ज्याचे त्यानेच सांगायला हवे.

दादा आता फौंड्रीतून आल्यावर रात्री गेटचा अभ्यास करतो. यादीत रांची आहे, मुंबई आहे आणि आखेनही आहे. घराचे कागद तूर्त ट्रंकेत परत गेले आहेत. उद्या एम. कॉम. की एम. बी. ए., असा प्रश्न आपल्यापुढेही येणारच आहे. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, यादी करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर आपला प्रश्न लिहा, एवढेच माझे सांगणे.