मुलं मोजायची कुणी?

ऊसतोडीच्या फडात बाळाची झोळी बैलगाडीच्या दांडीला बांधतात. झोळीची दोरी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हातात. तिची शाळा गावाकडे राहिलेली. आई अंधारातच फडात शिरलेली असते. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची आहे, आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एकच कोयता. त्या वहीत बाळ नाही आणि झोका देणारी मुलगीही नाही.

सरकारच्या वहीत तरी ही मुलं आहेत का? 2017च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेने 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांना प्रवेश दिला, पण अट आईला घातली: महिन्यात किमान 15 दिवस किंवा वर्षात 6 महिने काम. मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या बाईचे दिवस कोण लिहून देणार? आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला, ती आपल्याकडे कामाला आहे एवढी दोन ओळींची चिठ्ठी आपल्यापैकी किती जणांनी दिली? उलट ‘पोराला घरी ठेवून येत जा’ म्हणणारे आपणच. घरी कुणाजवळ, हे विचारत नाही.

2022च्या ‘पाळणा’ योजनेने आईच्या नोकरीची अट काढली, हे फार चांगलं झालं. पण अंगणवाडीला जोडलेला पाळणा गावातच राहतो आणि आई साखर कारखान्यामागे दुसऱ्या जिल्ह्यात जाते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडी मुलांच्या दारात नेली, कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. त्याच महाराष्ट्रात आज फडापर्यंत पाळणाघर पोहोचत नाही!

कायद्यांनीही बरीच वर्षं बायकाच मोजल्या. 1948च्या कारखाना कायद्यात 30हून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर लागायचं. 1996च्या बांधकाम कामगार कायद्यात 50हून अधिक. म्हणजे शंभर बाप कामाला असले तरी त्यांच्या मुलांची जबाबदारी मालकावर नव्हती. मूल बाईचं, ही आपल्या घरातली समजूत आपण कायद्यात लिहून ठेवली होती. शिवाय एक बाई कमी घेतली की खर्च टळतो, ही वाटही मालकाला दाखवून दिली.

मुलं मोजणं अशक्य होतं असं नाही. 2005च्या रोजगार हमी कायद्याने तसं केलं होतं: कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची किमान 5 मुलं असली, तर त्यांतल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. मुलं सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, एवढं तरी तिथे मान्य झालं.

ऊसतोड कामगार कुणाचा, हे विचारलं की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम कारखान्याकडे. ऊस मात्र कारखान्यातच जातो. तेव्हा गाळपाचा परवाना देतानाच साखर आयुक्तालयाने विचारावं: तुमच्या टोळ्यांसोबत किती मुलं आली, आणि त्यांना सांभाळायला पगारावर कोण ठेवलं आहे? उत्तर नसेल, तर परवाना देऊ नये.