आत्याबाई हयात आहेत का?

इंग्रजीतल्या 'इफ'च्या वाक्यात क्रियापदाचा काळ कोणताही घातला तरी चालतो, असे मानणारा एक मोठा पंथ आपल्याकडे आहे. 'अहो, भाव समजला ना? मग झालं!' हे त्याचे ब्रीदवाक्य. मला या पंथाशी भांडायचे आहे. एरवी मी भांडखोर नाही. वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या माणसात भांडायचे त्राण उरतच नाही.

मूळ कारण आपल्या मायबोलीचा सढळ हात. 'आत्याबाईला मिशा असत्या, तर काका म्हटले असते.' दोन्ही पारड्यांत सारखेच 'असते', तराजू कसा समतोल! म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' टाकून मोकळे होतो. इंग्रजीला ते खपत नाही. 'इफ'च्या बाजूला तिला 'वुड' नको असतो, आणि शिवाय आधी चौकशी हवी असते, की आत्याबाई हयात आहेत का? असल्या तर 'इफ शी हॅड अ मुस्टॅश, वुई वुड कॉल हर काका.' गेल्या असल्या तर 'इफ शी हॅड हॅड' आणि 'वुई वुड हॅव कॉल्ड'. मराठीत एकच वाक्य आत्याबाईंच्या बारशापासून तेराव्यापर्यंत पुरते.

'इफ आय वेअर द मॅनेजर' यातला 'वेअर' दिसतो भूतकाळी, पण बोलतो आजचे : मी मॅनेजर नाही, आणि तशी लक्षणेही नाहीत. यात नवल काय? 'उद्या पाऊस आला तर' म्हणताना आपण उद्याच्या पावसाला खुशाल भूतकाळ लावतोच की! मग इंग्रजाने 'इफ इट रेन्स टुमॉरो' म्हणून 'विल' गाळला, की आपण का दचकावे? इथे क्रियापदाकडे बघून घड्याळ लावायचे नसते. दार उघडे आहे की बंद, एवढे बघायचे.

मी पूर्वी होतो त्या एका शाखेतून, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, एका किराणा दुकानदाराला पत्र गेले : 'इफ यू वुड हॅव पेड बाय 31 मार्च, द पेनल्टी वुड हॅव बीन वेव्हड.' लिहिणाऱ्या साहेबांच्या मते 'विल' म्हणजे उद्धट, 'वुड' म्हणजे सभ्य आणि 'वुड हॅव' म्हणजे खानदानी. दुकानदाराच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पत्र वाचले आणि अगदी बरोबर अर्थ सांगितला : 'बाबा, भरले असते तर दंड माफ झाला असता. आता नाही.' बिचारा दंडासकट रक्कम उभी करायला बायकोच्या पाटल्या घेऊन सोनाराकडे निघाला. वाटेत बँक लागली म्हणून काउंटरशी येऊन विचारता झाला, 'साहेब, 31 मार्च गेला होय?' 'इफ यू पे' आणि 'विल बी वेव्हड' एवढे साधे लिहिले असते, तर पाटल्या हातातून निघाल्याच नसत्या. साहेबांना हे सांगितले, तर ते म्हणाले, 'पण भाव समजला ना?' समजला असता, पण सोनाराकडून!

या पंथाचा हुकमी एक्का म्हणजे अमेरिका. तिकडे बरेच लोक बोलताना 'इफ आय वुड हॅव नोन' सर्रास म्हणतात. म्हणोत बापडे! छापताना तिथलेही संपादक त्याचे 'इफ आय हॅड नोन' करतात, आणि मुख्य म्हणजे, त्यांना आमच्या बँकेची पत्रे येत नाहीत.