पारपत्राचा छापखाना आणि पाड्यावरचा माणूस

परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाच्या हाती जे पारपत्र असते, ते नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापलेले असते. १९२५ साली सुरू झालेल्या या छापखान्याला नाशिककर ‘सिक्युरिटी प्रेस’ म्हणूनच ओळखतात. देशाची टपाल तिकिटे आणि मुद्रांक तेथे छापले गेले, आणि आता इलेक्ट्रॉनिक चिप बसविलेली नवी पारपत्रेही तेथेच तयार होतात. या गोष्टीचा नाशिक जिल्ह्याला अभिमान वाटला तर त्यात गैर काही नाही. परंतु त्याच जिल्ह्यातील सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या तरुणाला ते पुस्तक मिळविण्यासाठी किती उंबरे झिजवावे लागतात, याचा हिशेब मांडू गेल्यास अभिमानाची जागा खेदाने घ्यावी अशी स्थिती आहे. पारपत्र जेथे छापले जाते तेथून ते सर्वांत दूर कोणाला असेल, तर तेथल्याच डोंगरातल्या माणसाला.

‘खेड्यातल्या माणसाला पारपत्र हवे कशाला?’ असा प्रश्न शहरी सुखवस्तू मंडळी सहजपणे विचारतात. त्या प्रश्नातच वर्गीय अहंकार दडलेला आहे. मालेगावच्या यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या वृद्धाला हजला जायचे असते. हज यात्रेकरूंसाठी एके काळी वेगळा यात्रा-पास असे. आता आंतरराष्ट्रीय पारपत्रावाचून ती यात्रा होत नाही. बागलाण-कळवणच्या गवंड्याला, वीजतंत्र्याला, वाहनचालकाला आखातातील काम खुणावते. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या निफाडच्या मुलीला परदेशातील रुग्णालयात संधी असते. निर्यातीची द्राक्षे समुद्रापार जाऊ शकतात. ती पिकविणाऱ्याने आणि खुडणाऱ्याने मात्र बांधावरच थांबावे, हा कोठला न्याय?

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, हक्काचा आहे. १९६७ पर्यंत पारपत्र देणे वा न देणे ही सरकारची मर्जी समजली जात होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय तो हिरावून घेता येणार नाही. त्यानंतर जूनमध्ये पारपत्र कायदा झाला. पुढे १९७७ च्या जुलैमध्ये मनेका गांधी यांचे पारपत्र जनता सरकारने ‘जनहितार्थ’ अडकवून ठेवले आणि कारणे सांगण्यास नकार दिला. आणीबाणीच्या अंधारातून देश नुकताच बाहेर पडला होता. स्वातंत्र्याची शपथ घेऊन आलेल्या सरकारनेच हे करावे, हे भूषणावह नव्हते. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयाने बजावले की, कायद्याने ठरविलेली कार्यपद्धती कागदावर असणे पुरेसे नाही. ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे.

ही कसोटी एका नामवंत घराण्यातील स्त्रीच्या पारपत्रावरून सिद्ध झाली. तीच कसोटी आता पाड्यावरच्या माणसाच्या अर्जाला लावून पाहू.

पहिली अडचण अंतराची. नाशिक शहरात पारपत्र सेवा केंद्र आहे; प्रादेशिक कार्यालय मुंबईस. सुरगाण्याहून नाशिक ऐंशी किलोमीटरहून अधिक, आणि पाड्यावरून सुरगाण्याला येण्याची पायपीट वेगळी. नेमून दिलेल्या वेळी हजर राहायचे तर आदल्या रात्रीच शहर गाठावे लागते. एक कागद कमी पडला की पुन्हा तीच फेरी. साध्या पारपत्राचे शुल्क २०१२ साली एक हजारावरून दीड हजार झाले. परंतु शेतमजुराच्या दृष्टीने खरे शुल्क म्हणजे बुडालेला रोज, एस.टी.चे भाडे आणि अर्ज भरून देणाऱ्या मध्यस्थाची दक्षिणा. अर्ज संगणकावर भरायचा आणि भाषा इंग्रजी वा हिंदी. ज्याला मातृभाषेत सही करतानाही हात अवघडतो, त्याने मध्यस्थाकडे जायचे नाही तर कोणाकडे?

दुसरी अडचण कागदाची. आमच्या ग्रामीण भागात कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे. ती आईने सांगितलेली नसून शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली असते. आधार ओळखपत्रावर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. कोठे वडिलांचे नाव मध्ये, तर कोठे आडनाव आधी. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. यात लबाडी कोणाचीच नसते, चूक बहुधा कारकुनाची असते. पण तिचे प्रायश्चित्त अर्जदाराने घ्यायचे. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारने नियम सैल केले, जोडपत्रांची संख्या १५ वरून ९ वर आणली, ती साध्या कागदावर चालतील असे ठरविले आणि विवाह नोंदणी दाखल्याची अट काढली. हे स्वागतार्ह पाऊल होते. मात्र १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आता जन्म नोंदणीचा दाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा ठरला आहे. ज्या पाड्यांवर आजही बाळंतपणे घरात होतात, तेथली नोंद वेळेवर झाली नाही, तर उद्या त्या बालकाच्या वाटेत आजच दगड ठेवल्यासारखे होईल.

तिसरी अडचण पोलिसी चौकशीची. सुरगाणा-पेठचा आदिवासी पाऊस संपला की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतो. चौकशीचा शिपाई पाड्यावर गेला तर घराला कुलूप, आणि बागेत गेला तर तो पत्ता कागदावर नाही. पोट भरण्यासाठी हिंडणे हाच जणू संशयाचा मुद्दा ठरतो! ज्याचे घर पक्के, वीजबिल स्वतःच्या नावाचे आणि नोकरी कायमची, त्याच्याच सोयीने ही पद्धत रचली आहे.

राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी पडताळणी हवी, हे आम्हांला मान्य आहे. परंतु पडताळणी नागरिकाची व्हावी, त्याच्या दारिद्र्याची नव्हे.

पारपत्र मिळाले तरी भेद संपत नाही. दहावी न झालेल्या बहुतेकांच्या पारपत्रावर परदेशगमनापूर्वी तपासणी आवश्यक असल्याचा शेरा असतो. आखातातील देशांसह काही देशांत नोकरीला जाताना त्यांना १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. मूळ हेतू संरक्षणाचा आहे. करारबद्ध मजुरांच्या हालांची आठवण असणाऱ्या देशाला तो शोभतो. पण जानेवारी २०१८ मध्ये अशा लोकांना नारिंगी रंगाचे वेगळे पारपत्र देण्याची घोषणा झाली, तेव्हा संरक्षणाचे रूपांतर कपाळावरच्या शिक्क्यात होऊ पाहत होते. टीकेनंतर त्याच महिन्यात सरकारने माघार घेतली. शिक्षण देण्यात शासन कमी पडले. त्या उणिवेची खूण मात्र शिक्षणाला मुकलेल्याने विमानतळावर मिरवावी, असा तो प्रकार होता. मजुराला रंगीत पुस्तक नको आहे. त्याला समजेल अशा भाषेतला करार आणि फसवणाऱ्या दलालाला शासन हवे आहे.

मग करावे काय? २०१७ मध्ये टपाल कार्यालयांत पारपत्र केंद्रे उघडण्यास प्रारंभ झाला आणि कोणालाही ५० किलोमीटरहून अधिक जावे लागू नये असे उद्दिष्ट सरकारनेच जाहीर केले. सुरगाणा, पेठ, बागलाण यांच्या बाबतीत या शब्दाचा हिशेब सरकारने द्यावा. तालुक्याच्या टपाल कार्यालयात कायम केंद्र शक्य नसेल, तर ठरलेल्या दिवशी, बाजाराच्या वारी, फिरते केंद्र यावे. अर्ज मराठीत भरता यावा आणि ग्रामपंचायतीत तो विनामूल्य भरून मिळावा. नावातील किरकोळ फरकासाठी अर्जदाराला नाशिकला न पिटाळता तेथेच प्रतिज्ञापत्र घ्यावे. स्थलांतरित मजुराची चौकशी कामाच्या ठिकाणी, ठरलेल्या मुदतीत व्हावी. पारपत्र नाकारल्यास कारणे लेखी नोंदवून मागणी होताच त्यांची प्रत द्यावी, असे कायद्याचे पाचवे कलम सांगते आणि अकरावे कलम अपिलाचा मार्ग देते. ही कलमे केंद्राच्या भिंतीवर मराठीत, ठळक अक्षरांत लावावीत.

यात खर्चाची मागणी थोडी आणि इच्छेची अधिक आहे. सरकारवर सारे सोडून चालणारही नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जन्म नोंदणीचे काम आजच हाती घ्यावे, शाळेच्या दाखल्यांतील चुका वेळीच दुरुस्त करून घ्याव्यात आणि दलालाची जागा स्वतः घ्यावी.

मार्च २०१८ मध्ये याच डोंगरांतले आदिवासी शेतकरी वनजमिनीचा कागद मागत नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले होते. कसत असलेल्या जमिनीचा कागद असो वा सीमा ओलांडण्याचा, या देशात गरिबाला आपले अस्तित्व पुन्हा पुन्हा कागदाने सिद्ध करावे लागते. त्या कागदापर्यंत त्याने चालत जायचे, की तो कागद त्याच्या दारापर्यंत आणायचा, एवढाच प्रश्न आहे. नाशिकरोडच्या छापखान्यातून निघालेले पुस्तक सातासमुद्रापार पोहोचते. ते आधी सुरगाण्यापर्यंत पोहोचले पाहिजे.