मंद झालेला लॅपटॉप आणि पेढीचा हिशेब

महिन्याची २० तारीख जवळ आली की कर्जतच्या पेढीवर काय किंवा खोपोलीच्या बाजारपेठेतील दुकानात काय, एकच तक्रार ऐकू येते : लॅपटॉप चालत नाही, नुसते चक्र फिरत राहते. मासिक जीएसटीआर-३बी विवरणाला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. मग घाईघाईने दोनपैकी एक निर्णय होतो. एक तर नवा लॅपटॉप विकत घेतला जातो, नाहीतर ओळखीच्या एखाद्या मुलाला बोलावून जुना 'फॉरमॅट' करून घेतला जातो. पहिल्या निर्णयात पैसा जातो. दुसऱ्यात कधी कधी वर्षांचा हिशेबच जातो.

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. यंत्र मंद झाले होते, ही सबब तेथे चालत नाही. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी दुरुस्तीची नसून प्रत काढण्याची आहे. टॅलीतील बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. दुसरी प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा परगावच्या नातेवाइकांकडे असावी. कर्जतजवळून उल्हास आणि खोपोलीजवळून पाताळगंगा वाहते. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली होती. अशा मुलखात लॅपटॉप आणि त्याचा पेन ड्राइव्ह एकाच खणात ठेवणे शहाणपणाचे नाही.

प्रत सुरक्षित झाली की निदान करावे. ताळेबंद जुळत नसेल तर जाणता मुनीम सगळी खातवणी नव्याने लिहीत नाही. चूक कोणत्या खात्यात आहे ते आधी शोधतो. येथेही तेच करावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने दिसतात. जो रकाना सतत शंभर टक्क्यांच्या आसपास राहतो, दोष बहुधा तेथे असतो. एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहावा. चार उपाय एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

बिनखर्चाचे उपाय आधी. रोज रात्री लॅपटॉप 'शट डाऊन' केला तरी अनेक यंत्रांत विंडोजचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो. म्हणून आठवड्यातून एकदा 'रिस्टार्ट' करावे. टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' या भागात, यंत्र सुरू होताच आपोआप जागी होणाऱ्या प्रणालींची यादी असते. त्यांतील अनावश्यक बंद कराव्यात. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नयेत. दोघे प्रत्येक फाइल तपासू लागतात आणि काम खोळंबते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर लग्नाचे व्हिडिओ अन्यत्र हलवावेत.

डिस्कचा रकाना तरीही भरलेलाच राहिला, तर यंत्रात जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे का ते पाहावे. तिच्यातील तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि हवी ती नोंद सापडायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. तेच काम ती शंभरपट कमी वेळात करते. पाच-सहा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये हा एकच बदल केला तरी फरक लगेच जाणवतो आणि खर्च नव्या यंत्राच्या मानाने थोडा येतो. मेमरी चार जीबी असेल तर ती आठ करता येते का, तेही विचारावे. काही पातळ लॅपटॉपमध्ये ती वाढवता येत नाही. मात्र हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर कोणताही प्रयोग न करता आधी प्रत काढावी. ती डिस्क शेवटच्या घटका मोजत असते.

भाताच्या गिरणीतील कोंडा, किराणा दुकानातील पिठाची धूळ आणि घाटाखालचा दमट पावसाळा यांचाही वाटा असतो. पंख्याची जाळी तुंबली की यंत्र तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जाणकाराकडून ते आतून स्वच्छ करून घ्यावे. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर त्वरित थांबवावा.

एक सावधगिरी फार मोलाची आहे. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' अशी सूचना पडद्यावर आली किंवा कोणी कंपनीचे नाव सांगून फोन केला, तर त्याला आपल्या यंत्राचा ताबा देऊ नये. त्याच यंत्रावरून पेढीचे बँक खाते चालते. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नवे यंत्र कधी घ्यावे, याचेही उत्तर आहे. विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण विनामूल्य सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालू शकत नाही, त्यावर बँकेचे व्यवहार करत राहणे धोक्याचे आहे. असा लॅपटॉप भंगारात देताना त्यातील डिस्क काढून घ्यावी. ग्राहकांची येणी-देणी तिच्यातच असतात.

दिवाळीच्या चोपडापूजनात आता अनेक घरी वहीशेजारी लॅपटॉपही पाटावर ठेवतात. त्याला कुंकू लावण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसाने एवढेच विचारावे : सरत्या वर्षाच्या हिशेबाची दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती उघडून पाहिली आहे ना?