सोनोग्राफी कपाटात आणि रोगी खाटेवर!

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पावसाळ्यात बसणाऱ्या मंडळींचे विषय दोनच. एक क्रिकेट आणि दुसरा ताप! कोणाचा भाचा डेंग्यूने अंथरुणाला खिळलेला असतो, तर कोणाच्या शेजाऱ्याला लेप्टो झालेला असतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने घातलेले थैमान मुंबईकर अद्याप विसरलेले नाहीत. तापाने फणफणलेल्या माणसाला अपरात्री टॅक्सीत घालून केईएमला नाहीतर शीवला न्यावे लागले नाही, असे घर दादर-लालबागच्या टापूत विरळाच.

त्या अपरात्री अपघात विभागातल्या तरुण निवासी डॉक्टरपुढे एकच कोडे असते. जंतू शरीरात दडला आहे कोठे? संसर्गाने रक्तदाब ढासळू लागला की प्रतिजैविक तासाभरात शिरेत गेले पाहिजे, असे २०२१ सालचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. रक्तातले जंतू वाढवून ओळखायचे तर दोन-तीन दिवस लागतात. तोपर्यंत डॉक्टरने काय करावे? अंधारात तीर मारावा?

समजा, लालबागचा एक चाळिशीचा गृहस्थ आला आहे. ताप आहे, उजव्या कुशीत कळ आहे, थोडा खोकलाही आहे. छाती ठोकून पाहिली तर उजवीकडे खाली आवाज बद्द येतो. न्यूमोनिया म्हणून उपचार सुरू करण्याचा मोह कोणालाही होईल. पण खाटेशेजारी सोनोग्राफीचे लहानसे यंत्र असेल आणि डॉक्टरने त्याचा प्रोब बरगड्यांखाली टेकवला, तर दोन मिनिटांत पडद्यावर यकृतात साचलेल्या पुवाचा काळा गोल डाग दिसू शकतो. रोग छातीत नव्हताच, तो यकृतात होता! औषध बदलते, पू सुईने काढायचा की काय याचा विचार तत्काळ सुरू होतो. अशा वेळी निदान चुकले तर गृहस्थ दगावण्याची भीती असते, हे आम्ही वाचकांना वेगळे सांगायला नको.

फुप्फुसात हवा असते आणि हवेपलीकडे ध्वनिलहरी जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी व्यर्थ, असे वैद्यकात वर्षानुवर्षे मानले गेले. फ्रान्सच्या डॅनिएल लिश्टेन्स्टाइन या डॉक्टरने हा समज खोटा ठरवला आणि २००८ साली धाप लागलेल्या रोग्याची तपासणी कोणत्या क्रमाने करावी याची पद्धतच मांडली. निरोगी फुप्फुसात आडव्या रेषा दिसतात. पाणी भरू लागले की उभ्या रेषा लोंबू लागतात. न्यूमोनियाने घट्ट झालेला भाग तर थेट यकृतासारखा दिसतो. डेंग्यूत छातीत नि पोटात झिरपलेले पाणी, सुजलेल्या पायात कातडीखाली दडलेला पू, क्षयात हृदयाभोवती साचलेला द्रव, हे सारे खाटेशेजारीच पाहता येते. अर्थात हे यंत्र म्हणजे परीस नव्हे. फुप्फुसाच्या गाभ्यातला न्यूमोनिया त्याला दिसत नाही, डेंग्यूचा निकाल रक्तच देते, आणि अडाण्याच्या हातचा प्रोब नसलेला रोगही दाखवतो!

मग घोडे अडते कोठे? केवळ पैशात नव्हे. ते अडते या यंत्राने आमच्याच हातून केलेल्या पापात! पोटातली मुलगी हेरून तिला मारण्यासाठी हेच यंत्र वापरले गेले. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांआधी, त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ वर आल्या. २०१७ साली सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण सापडले. ज्या समाजाची ही करणी, त्याने कायदा जाचक आहे म्हणून गळा काढावा काय?

रेडिओलॉजिस्टांनी २०१६ साली कागदी चुकांच्या शिक्षेविरुद्ध संप केला. ३ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोंदी न ठेवणे ही क्षुल्लक चूक नव्हे, असे बजावले. आम्ही न्यायालयाच्या बाजूचे आहोत. या कायद्याचा एक टाकाही उसवू नये.

पण कायदा नेमके काय म्हणतो? २०१२ च्या नियमाने हलते यंत्र नोंदलेल्या जागेतच, तिथे दाखल असलेल्या रोग्यांसाठी वापरता येते. फिरत्या वैद्यकीय पथकालाही काही अटींवर मुभा आहे. म्हणजे वॉर्डातल्या खाटेपर्यंत यंत्र नेण्यास बंदी नाही! शंका उरते ती अपघात विभागातल्या रोग्याची. केसपेपर निघाला, पण वॉर्ड मिळाला नाही, तर तो दाखल झाला की नाही? हा प्रश्न कारकुनाने पहाटे तीन वाजता सोडवायचा नसतो. सरकारने एका ओळीचा खुलासा काढावा, म्हणजे सीलच्या धाकाने यंत्र कपाटात राहणार नाही.

आणि पहारा कसा ठेवायचा, हे कोल्हापूरला विचारावे! त्या जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची पेटी जोडण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढला. काय तपासले त्याचा माग ती पेटी ठेवी. डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली, पण मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली तो आदेश उचलून धरला. अपघात विभागातल्या यंत्रालाही असाच चौकीदार बसवा. गर्भवतीची तपासणी तिथे तातडीने करावी लागली, तर तिचा नियमाप्रमाणे फॉर्म भरा. मात्र तापाने तडफडणाऱ्या पुरुषाला त्या पापाची शिक्षा देऊ नका.

महापालिकेच्या आरोग्य खात्याला आमचा रोकडा सवाल आहे. आज रात्री दोन वाजता केईएम, शीव आणि नायर या तीन रुग्णालयांच्या अपघात विभागांत खाटेशेजारी नेता येतील अशी सोनोग्राफी यंत्रे किती आहेत, आणि ती चालवण्याचे शिक्षण घेतलेले किती डॉक्टर त्या पाळीवर हजर असतील? हे दोन आकडे पुढचा पाऊस पडण्यापूर्वी जाहीर करावेत.